एका वेळी एक

अडीच वर्षांची झाली त्या दिवशी मीराने अर्ध्या वाढदिवसाच्या केकवरची मेणबत्ती फुंकली, सगळ्यांकडे पाहून हसली आणि काहीच बोलली नाही.

"अजून बोलत नाही?" मामांनी विचारलं. प्रभाकरराव हे मीराच्या बाबांचे, सचिनचे, मामा, वर्ध्याचे निवृत्त मुख्याध्यापक; काही दिवस राहायला आले होते. ते प्रश्न विचारायचे तेव्हा समोरचा माणूस आपोआप उभा राहायचा. मीराची आई, ऋचा, उभी राहिली. सेवाग्रामच्या दवाखान्यात दाखवून आणलंय, कान अगदी छान आहेत, बोलेल हळूहळू, घरात तिच्याशी बोलत राहा असं डॉक्टर म्हणाले, हे तिने सांगितलं. गेले दोन महिने ती तळेगावातल्या प्रत्येकाला हेच सांगत होती, आणि दर वेळी शेवटच्या वाक्याला तिचा आवाज बारीक होत होता. मुलीने अजून एकदाही 'आई' म्हटलं नव्हतं.

मामांनी ओसरीवर खुर्ची टाकली आणि तासभर घर ऐकलं. आत सासूबाई, म्हणजे नलूताई, शेजारच्या अंजूला वऱ्हाडीत कोणाच्या तरी लग्नातली भाजी समजावत होत्या. खताचं दुकान चालवणारा सचिन फोनवर हिंदीत ट्रकवाल्याशी भांडत होता. साताऱ्याची ऋचा मीराला पुस्तकी मराठीत चिऊची गोष्ट सांगत होती. सासरे अण्णाजी बोलायचे फारच कमी, पण संध्याकाळच्या भजनासाठी ते खंजिरी तापवून वाजवून पाहत होते. हे सगळं एकाच वेळी, आणि मधोमध बसलेली मीरा 'बाबाबा, दुदुदु' करत मान हलवत होती.

"पोरीनं ऐकावं तरी कोणाचं?" मामा म्हणाले. "उद्यापासून एका वेळी एक माणूस. आणि भाषा एकच, प्रमाण मराठी."

दुसऱ्या दिवशी भिंतीवर वेळापत्रक लागलं. आठ ते नऊ आई, नऊ ते दहा आजी, असे तास पडले. तास बदलला की मामा देवघरातली घंटी वाजवत. खंजिरी कपाटात गेली.

ऋचाला एका अर्थी बरंच वाटलं. मीरा झोपली की ती संगीताच्या परीक्षेचा अभ्यास करायची आणि घरातल्या गलक्यात एकाच प्रश्नावर पंधरा दिवस अडकून पडली होती: 'बहुस्वरता म्हणजे काय, ते उदाहरणासह स्पष्ट करा.' व्याख्या पाठ होती. निरनिराळ्या चाली एकाच वेळी आपापल्या वाटेने जातात, कोणी कोणाच्या मागे फरपटत नाही, तरी मिळून एकच गाणं होतं. भाषेतही असं असतं, खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, अनेक माणसं आपापल्या बोलीत बोलतात आणि लिहिणारा कोणाचं तोंड दाबत नाही. पण उदाहरण कुठून आणायचं? तिच्या गाण्याच्या बाईंनी तिला एक तानपुरा आणि एक गळा एवढंच शिकवलं होतं.

पहिला फटका नलूताईंना बसला. आपल्या तासाची तालीम म्हणून त्या बाजारातही प्रमाण मराठी बोलायला लागल्या. "भाऊ, मला अर्धा किलो वांगी हवी आहेत," त्या म्हणाल्या. तीस वर्षं त्यांना भाजी देणाऱ्या नत्थूजींनी मान वर करून विचारलं, "कोन्या गावच्या पाहुण्या व्हय तुमी?" संध्याकाळी अंजू दारातूनच परत गेली. नलूबाई 'बस वं' सोडून 'बसा' म्हणाल्या म्हणजे नक्कीच रागावल्या आहेत, असं तिने सगळ्या गल्लीत सांगितलं.

मग सचिन. मामा शेजारी बसले असताना ट्रकवाल्याचा फोन आला आणि त्याने घाबरून, "कृपया उजवीकडे वळावे," असं सांगितलं. ट्रकवाला राजस्थानचा. तो सरळ गेला. खताच्या गोण्या महामार्गाने तिवशाला पोचल्या आणि सचिन मोटारसायकलवर त्यांच्या मागे.

चौथ्या दिवशी चुकण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं, असं सगळ्यांनीच ठरवलं. घर इतकं शांत झालं, की भिंतीवरच्या पालीचासुद्धा आवाज येऊ लागला. मामा खूश होते. मग ऋचाच्या लक्षात आलं, की 'बाबाबा, दुदुदु'ही बंद झालंय. मीरा प्रत्येकाजवळ जायची आणि डबीचं झाकण उघडावं तशी बोटाने त्याचे ओठ उघडून पाहायची. आजीचे पाहिले, आजोबांचे पाहिले. ऋचाचे ओठ उघडून तिने आत बराच वेळ डोकावलं आणि काही सापडलं नाही तशी निघून गेली. ऋचा पदराने डोळे टिपत तोंड धुवायला गेली.

रविवारी सकाळी अंगणातल्या खाटेवर मुंगवड्या वाळत होत्या. शेजारी मामा मीराचा तास घेत होते. घाम पुसायला त्यांनी चष्मा काढून वड्यांजवळ ठेवला, आणि टिनाच्या छपरावरून एक भलं मोठं वानर खाली उतरलं. वड्यांकडे एकदा पाहून त्याने चष्मा उचलला.

"आवं माय, वांदर आलं वं!" नलूताई ओरडल्या.

"ए, चल भाग!" सचिन झाडू घेऊन धावला.

"अरे, मारू नका, चष्मा फुटेल," ऋचा म्हणाली आणि वानराकडे वळून, का कोण जाणे, "दे रे, कृपया," असंही म्हणाली.

अण्णाजींनी कपाट उघडलं. वानराला भिववायला त्यांनी खंजिरी बडवायला घेतली, पण चाळीस वर्षांचा हात, तो तालातच पडत गेला. मामांनी आधी घंटी वाजवून "एका वेळी एक" म्हणून पाहिलं. मग वानराने चष्म्याची काडी दातात धरली आणि मुख्याध्यापक ओरडले, "माहा चष्मा नेला रे भाऊ! पकडा ना त्याले, पाहून काय राह्यले?"

या सगळ्याच्या मधोमध मीरा उभी होती. पाच दिवसांनी तिचा चेहरा उजळला होता. मान खंजिरीबरोबर हलत होती. तिने एक वडी उचलून खाटेच्या कडेवर ठेवली.

"ए वांदरा," ती म्हणाली, "आबाचा चष्मा दे. वडी घे. चल भाग. कृपया."

वानराने चष्मा टाकला, वडी घेतली आणि ते गेलं.

मग नलूताईंनी मीराला उचललं. "वांदरा म्हनली! माह्या तोंडचा शब्द हाय."

"चल भाग तो अपना है," सचिन म्हणाला.

"आणि 'कृपया' माझं," ऋचा म्हणाली. "शब्द सोडा," अण्णाजी म्हणाले. त्यांचं आठवड्यातलं हे पहिलंच वाक्य. "समेवर आली पोट्टी."

मामा चष्मा पुसत राहिले. त्यांनी ते सबंध वाक्य मनात दोनदा तपासलं. त्यात खास त्यांचा असा एकही शब्द नव्हता. तेवढ्यात नलूताई आणि सचिनची मामांना 'आबा' म्हणायला कोणी शिकवलं यावरून जुंपली, अंजू भिंतीवरून विचारपूस करू लागली, आणि आजीच्या कडेवरून उतरून मीराने घंटी उचलली.

"एका वेळी एक," ती म्हणाली.

सगळे गपकन गप्प झाले. शाळेचा निकाल शंभर टक्के लागावा तसे मामा फुलले. पण मीराने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं, आणि तिचं बोट पुन्हा ओठ उघडायला, या वेळी मामांच्याच तोंडाकडे, निघालं.

"चूप काऊन झाले रे?" मामा घाईने म्हणाले. "बोला ना सगळे. बोला."

सगळे बोलले. त्या गलक्यात, खंजिरीच्या मागून, कुठून तरी बारीक आवाज आला, "आई, मले पन वडी." सहा आवाजांमध्ये ऋचाला तो अगदी वेगळा आणि स्पष्ट ऐकू आला.

दुपारी मीरा झोपल्यावर तिने वेळापत्रक भिंतीवरून काढलं आणि त्याच्या पाठीवर पंधरा दिवस अडलेलं उत्तर एका दमात लिहिलं. परीक्षकांसाठी वानराचा उल्लेख ठेवावा की गाळावा, एवढंच काय ते ठरायचं राहिलं होतं.