गोरक्षच्या माश्या कांदा शिकतात

"आठ दिवसांत माझ्या माश्या फक्त कांदा ओळखतील! बाकीची फुलं त्यांना परकी!" गोरक्षनं चहाच्या टपरीवर छाती ठोकून सांगितलं, आणि सटाण्याजवळच्या त्या गावाला संध्याकाळपर्यंत पुरेल एवढी करमणूक झाली.

भानगड अशी होती. गोरक्षनं घराला लागूनच एकरभर डोंगळा लावला होता. डोंगळा म्हणजे उळ्यासाठीचा, कांद्याच्या बियाण्यासाठीचा कांदा. पांढरे गोंडे असे फुलले होते की बघत राहावं! पण गोंड्यावर माशी बसल्याशिवाय बी भरत नाही, आणि फुलोरा टिकतो जेमतेम पंधरा-वीस दिवस. म्हणून त्यानं मधमाश्यांच्या चार पेट्या आणून ठेवल्या. माश्या रोज सकाळी उठायच्या, डोंगळा ओलांडायच्या आणि शेजारच्या दत्तूच्या कोथिंबिरीच्या फुलांवर जाऊन बसायच्या!

"राहत्यात माझ्याकडं आन राबत्यात दत्तूकडं!" गोरक्षचा नुसता जळफळाट झाला. साऱ्या भाऊबंदांना त्यानं उळं कबूल केलं होतं. बी भरलं नाही तर तोंड कुठं दाखवायचं?

तेवढ्यात नाशिकच्या शुभांगी मॅडमच्या मधमाशीपालन शिबिरात त्याला गुरुमंत्र मिळाला. साखरपाण्याला एखादा वास लावून माशीला तीन-चारदा पाजा, तिच्या डोक्यात पक्कं बसतं की हा वास म्हणजे गोड! पुढचं ऐकायचं राहिलं, कारण जेवणाची हाक आली होती.

घरी आल्या आल्या त्यानं अर्धा किलो कांदे वाटले, पिळले आणि रस साखरपाण्यात ओतला.

"अहो, मॅडम फुलाचा वास म्हणाल्या असतील," बायको हर्षाली म्हणाली.

"कांद्याच्या फुलाला कांद्याचाच वास येनार ना! कांद्याच्या पोटी काय लसूण येतो?"

माश्या फार हुशार निघाल्या. तीन दिवस ते पाणी पिऊन चौथ्या दिवशी त्या पेटीतून उठल्या, डोंगळ्याकडे ढुंकूनही न बघता, कोथिंबिरीला टांग मारून थेट गोरक्षच्या स्वयंपाकघरात! हर्षाली कांदा चिरत होती. ती विळी टाकून जी पळाली ती अंगणात जाऊन थांबली. दुपारी दत्तूनं बांधावर भाकरीबरोबर बुक्कीनं फोडलेला कांदा खाल्ला आणि सुखानं जांभई दिली. डोळे उघडतो तर तोंडापुढं पन्नास माश्या, आत येऊ का म्हणून विचारतायत! बिचारा दोन दिवस खुणांनीच बोलत होता.

नेमक्या त्याच आठवड्यात मॅडम दहा शेतकरी घेऊन 'प्रयोग' बघायला आल्या. पाहुणे म्हटल्यावर गोरक्षची आई, कुसाबाई, गप्प बसते होय? तिनं अंगणातल्या चुलीवर कढई चढवली. कांदाभजी!

पहिला घाणा तेलात पडला आणि पेट्यांकडून घूंऽऽ असा आवाज आला.

"कुणी हलू नका! मारू नका!" मॅडम ओरडल्या. "नुसत्या हुंगायला आल्यात. जातील!"

पण एक माशी गोरक्षच्या नाकावर बसली, आणि त्यानं टोपीनं तिला फटका हाणला. माशीनं मरता मरता आपलं काम केलं. नाक टम्म फुगलं!

मॅडमनी हवेत वास घेतला आणि त्या पांढऱ्याफटक पडल्या. "केळं! पिकल्या केळ्याचा वास येतोय!"

"आई, मॅडमला केळी पायजेत!" गोरक्ष नाकातून ओरडला.

"शेतस ना घरमा!" म्हणत कुसाबाईनं घरात होती ती डझनभर पिकली केळी आणून मॅडमच्या हातात ठेवली.

"अहो फेका! माशीनं डंख मारला की तसा वास सुटतो! 'शत्रू इथं आहे, सगळ्या या,' असा सांगावा असतो तो!"

सांगावा पोचला होता. कुसाबाईनं आत पळून दार लावून घेतलं. मग काय, मॅडम, दहा शेतकरी, गोरक्ष आणि हर्षाली, वाट फुटेल तिकडं पळत सुटले आणि शेवटी धापा टाकत डोंगळ्यात आडवे झाले. जरा वेळानं हर्षालीनं हळूच मान वर काढली. एकही माशी नाही! साऱ्या शिवारात माशी नसलेली तेवढी एकच जागा होती.

"गोरक्षभाऊ," मॅडम सुजल्या ओठांनी म्हणाल्या, "माश्या पास झाल्या. नापास तुम्ही. फुलांचा अर्क घालायचा होता!"

"इसरतील का हो त्या?"

"विसरतील. पण तोवर फुलोरा संपेल."

"मंग उळं?" गोरक्षच्या डोळ्यांत खरंखुरं पाणी आलं.

"आता हातानं करा. मऊ फडकं गुंडाळायचं आणि एका गोंड्यावरून दुसऱ्यावर फिरवायचं. रोज सकाळी. एकही गोंडा सोडायचा नाही."

एकरभर! दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास दोन रांगा उरकून गोरक्ष कंबर धरून बांधावर बसला. हर्षालीनं मॅडमना फोन लावला आणि त्यालाही ऐकू जाईल असा आवाज मोठा केला. "मॅडम, पेटीत नर माश्या असतात ना? त्या काय काम करतात हो?"

"नर? काही नाही. खातात आणि भिरभिरतात. फुलांवरचं सगळं काम माद्याच करतात."

हर्षालीनं फोन ठेवला आणि नवऱ्याच्या हातात नवं फडकं दिलं.

"ऐकलंत? नर फुलांवर राबतोय, हे जगात पहिल्यांदाच होतंय. उठा, तिसरी रांग!"