हाळी तेवढी हौसाआत्याची

हौसाआत्याच्या आवाजाची स्तुती करणारा माणूस आमच्या गावातून धड परत गेलेला मला आठवत नाही. एकदा बीडचे एक हौशी गृहस्थ नेकनूरपर्यंत एसटीनं आणि पुढं उन्हातून पायी आले. "बाई, काय तो मधासारखा आवाज तुमचा!" एवढंच म्हणाले. आत्यानं पायातली चप्पल काढली. पाहुणे चहा न पिताच बांधापलीकडं पोचले, आणि आत्या मागून ओरडत होती, "तोंड माझं हाय, आवाज त्या दुसरीचा! तिच्या दारात जा मध चाटाया!"

ही हौसाआत्या म्हणजे जुन्या काळ्यापांढऱ्या सिनेमातली कुमारी मेघमाला. माझी शेजारीण, धनगराची लेक. तिचा बाप मेंढरं चारत पुण्याकडं गेला होता. तिथं एका स्टुडिओनं शेतकऱ्यांच्या सिनेमासाठी त्याचा कळप भाड्यानं घेतला. मेंढ्या काही दिग्दर्शकाचं ऐकेनात. बाप तापानं पडलेला. शेवटी सोळा वर्षांच्या हौसानं हाळी दिली, कळप धावत कॅमेऱ्यापुढं आला आणि दिग्दर्शकाला हिरॉईन सापडली. "भाडं मेंढ्यांचं ठरलं, मी फुकट गेले," असं आत्या सांगायची.

दहाबारा सिनेमे केले तिनं. कधी शेतकऱ्याची बायको, कधी पाटलाची सून. पण तिचं 'हाय' आणि 'न्हाई' ऐकलं की स्टुडिओतले लोक नाकं मुरडायचे. म्हणून ओठ आत्याचे आणि बोलणं पुण्याच्या एका बाईचं, प्रत्येक सिनेमात. या शहाण्यांना रानातली पोरगी हवी होती, फक्त तिनं रानातलं बोलायचं नव्हतं! मला आजही याचा संताप येतो. पहिल्या सिनेमातली ती मेंढ्यांची हाळी तेवढी आत्याची राहिली. तीसुद्धा त्या बाईच्या गळ्यातून निघेना म्हणून.

पुढं कामं आटली, आत्या गावी आली, पुन्हा मेंढ्यांमागं फिरू लागली आणि इतक्या वर्षांचं न बोललेलं सगळं गावावर काढू लागली. मी तेव्हा गावच्या दूध सोसायटीत सेक्रेटरी होतो. म्हैस बाईची, धार बाई काढणार आणि सोसायटीच्या खिडकीत नवरा बोलणार, हा आमचा रिवाज. आत्या तिथं असली तर नवऱ्याची खैर नसे. "तिच्या तोंडाला कुलूप लावलंय का रं? बाजूला हो, तिला बोलू दे!" बाया पदराआड हसायच्या आणि दोन शब्द बोलूनही जायच्या.

मग तो दुष्काळ पडला. विहिरींचे तळ दिसले, माळावर औषधाला हिरवं राहिलं नाही. सोसायटीला चारा छावणी मिळाली, वैरणीचे ट्रक आले. आमचे चेअरमन कडक इस्त्रीतले. त्यांनी फर्मान काढलं, गाईम्हशी आणि बैल आत, मेंढ्या बाहेर. "मेंढ्या काय डेरीला दूध घालतात?" आत्याच्या मेंढ्या बाभळीच्या साली कुरतडत होत्या. उभ्या उभ्या कोसळायच्या. आत्या छावणीवर भांडायला गेली, तर चेअरमन गोड हसून म्हणाले, "बाई, तुम्ही कशाला त्रास घेता? तुमच्या वतीनं मी बोलतो ना वरती."

"माझ्या वतीनं बोलणारे लई बघितले मी!" आत्या अशी कडाडली की दावणीच्या म्हशी उठून उभ्या राहिल्या. पण मेंढ्या बाहेरच राहिल्या. चेअरमनचा पगारी माणूस म्हणून मीही तिथं मुंडी खाली घालून उभा होतो.

आणि याच चेअरमननं छावणीच्या उद्घाटनाला, मोठ्या साहेबांसमोर, आत्याचा पहिला सिनेमा लावायचं ठरवलं! तिला न विचारता. भोंग्यावरून 'आपल्या गावची शान' म्हणून तिचं नाव पुकारलं. निर्लज्जपणालाही काही माप असतं.

दिवेलागणीला पडदा बांधला. आत्या आली ती चप्पल हातात घेऊनच. पडद्यावर तिचे ओठ हलत होते, भोंग्यातून पुण्याची बाई गोड गोड बोलत होती, लोक टाळ्या पिटत होते. आत्याचे डोळे नुसते पेटले होते. तेवढ्यात पडद्यावरच्या पोरीनं तोंडाशी हात नेला आणि भोंग्यातून हाळी उठली. लांब, चढत जाणारी, आमच्या माळावर रोज ऐकू येणारी.

ओढ्यापलीकडच्या मेंढवाड्यात आत्याच्या उपाशी मेंढ्यांनी ती ऐकली. काट्यांचं कुंपण मोडून अख्खा कळप सुटला तो थेट छावणीत. साहेबांची खुर्ची उलटी झाली, हार तुडवला गेला, आणि मेंढ्या कडब्याच्या गंजीला भिडल्या.

"आत्या, हाळी द्या! बाहेर काढा ह्यांना!" चेअरमन हात जोडून ओरडले. 'बाई'ची एकदम 'आत्या' झाली होती.

आत्यानं शांतपणे चप्पल पायात घातली. "माझा आवाज चांगला न्हाई, चेअरमन. पुण्याच्या बाईला बोलवा."

आधी बाया हसल्या, मग सगळी छावणी, आणि शेवटी कपडे झटकत साहेबसुद्धा. भुकेल्या जनावरांच्या तोंडचा घास सगळ्यांदेखत ओढायची हिंमत चेअरमनला झाली नाही. मेंढ्या छावणीतच राहिल्या.

माणसं पांगली. ऑपरेटर रीळ गुंडाळत होता. आत्या माझ्याजवळ आली आणि मी तिच्याकडून कधीच न ऐकलेल्या हळू आवाजात म्हणाली, "सेक्रेटरी, तेवढं परत लावाया सांग की रं."

"काय, आत्या?"

"हाळी. माझ्या आयची हाय ती. तिनंच शिकवली. रोज मीच देते, पर अशी समोरनं ऐकली की आयच हाळी देती असं वाटतं. आय गेली तवा मी तिकडं तोंडाला रंग लावून हुबी हुते. शेवटचं बोलणं बी झालं न्हाई."

ऑपरेटरनं रीळ पुन्हा चढवलं, आत्या मेंढ्यांजवळ जमिनीवर बसली. पडद्यावरच्या पोरीनं हात तोंडाशी नेला आणि हाळी दिली. पोट भरलेल्या मेंढ्या बसल्या जागी रवंथ करत राहिल्या, एकही उठली नाही.

आत्या मात्र उठली, आणि पडद्याकडं चालत गेली.