दत्तोपंतांचं लाल तेज

"लाल दिसे त्याला माझा बाळ गं भुलतो,
माझ्या हातच्या साराने रंग गाली खुलतो!"

आईची ही ओवी साठ वर्षांनंतरही दत्तोपंतांच्या कानात रुणझुणायची. नोएडातल्या सोसायटीत भेटेल त्याला ते ऐकवत, "लहानपणापासून रोज टोमॅटोचं सार! बाहेरचा घास वर्ज्य. कुणाच्या लग्नालाही बायकोचा, वासंतीचा, डबा नेतो. बघा तेज!"

आणि गाल होतेच तसे! पोपटानं डाळिंब समजून चोच मारावी!

त्या तेजावरच सोसायटीच्या आरोग्य समितीचं अध्यक्षपद चालून आलं होतं. क्लबहाउसात एक भाषण ठोकलं की झालं!

"टमाटर में विटामिन सी है, पोटॅशियम है, लाइकोपीन है!" दत्तोपंतांची हिंदी मराठी चपला घालून निघाली. "दिल के वास्ते एकदम फस्ट क्लास! और थोडे तेल में पकाया, तो लाइकोपीन जादा अंग को लगता है. इसलिए हमारी मिसेस कच्चा खानेही नहीं देती!"

"अंकलजी, आज तो एक कच्चा हो जाए!" मागून सोसायटीतला अनिश ओरडला, आणि कुणीतरी सॅलडच्या ताटातला टोमॅटो पुढे केला.

पहिल्या रांगेतून वासंतीबाई ताडकन उठल्या. "अहो, नको! हात जोडते!"

"दृष्ट लागेल म्हणून घाबरते," दत्तोपंत हसले आणि टोमॅटो अख्खा गिळंकृत केला.

टाळ्या! मग टाळ्या विरल्या. ओठांच्या इडल्या झाल्या, मानेवर पित्ताच्या गांधी उठल्या, डोळे खिडकी लावल्यासारखे मिटले!

शेजारची डॉक्टर अश्लेषा धावली. गोळी दिली, नाडी पाहिली. "काका, घाबरू नका. पण ही टोमॅटोची ॲलर्जी आहे!"

"अफक्य!" सुजल्या ओठांतून 'अशक्य' असं फुटलं. "जन्मभर खाल्लाय!"

सगळं क्लबहाउस वासंतीबाईंकडे बघू लागलं. त्यांनी पदर तोंडाला लावला, मग सोडला.

"कुठला जन्मभर! लहानपणी एकदाच खाल्लात आणि असेच सुजला होतात, त्यानंतर कधीच नाही. पण नको म्हटलं की तुम्ही हटकून करणार! म्हणून सासूबाई तांबड्या भोपळ्याचं सार करायच्या, आमसूल घालून. जाताना मला शपथ घातली, दत्तूला कळू देऊ नकोस."

"म्हंजे हे तेज..."

"भोपळ्याचं!"

"आणि मी दर आठवड्याला निवडून आणतो ते टोमॅटो?"

वासंतीबाईंनी खाली मान घातली. "ते समोरच्या मृणालकडे जातात. तिचे गाल बघा ना!"