हौसाबाईंची परवानगी

हौसाबाई कोंबडीखालचं अंडं काढतानाही आधी विचारायच्या. "घेऊ का गं?" म्हणून कोंबडीकडे बघत थांबायच्या. कोंबडीने मान वळवली की तो होकार. ती फडफडली तर त्या दिवशी अंडं नाही. हिरड्याचं झाड झोडपायच्या आधी बुंध्यावर हात ठेवून, "झोडू का रं बाबा?"

त्या जसं झाडालाही विचारायच्या, तसं माणसाने त्यांना विचारलंच पाहिजे, असा त्यांचा हट्ट होता. डिंभ्याच्या वर, तळेघरच्या वाटेवरच्या आमच्या वाडीत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला त्यांचा एकच प्रश्न असायचा, "इचारलं व्हतं का?"

मलाही तो पहिल्याच दिवशी ऐकावा लागला. नव्वदच्या दशकात माझी तिथल्या शाळेवर बदली झाली. मी मंचरचा. डोक्यावर वळकटी, हातात ट्रंक, अशी चढण चढून आलो तर शाळेशेजारच्या घरासमोर एक किडकिडीत बाई वाटेत उभी.

"कुनाला इचारून आलात?"

"सरकारने पाठवलंय. बदली झालीय."

"सरकार ऱ्हातं का हितं?"

ट्रंकेने हात तुटायला आला होता. शेवटी म्हणालो, "मावशी, राहू का इथं?"

"ऱ्हा की! म्या कवा नगं म्हनलं?" असं म्हणून त्यांनीच माझी ट्रंक उचलून आत नेली.

मतं मागायला आलेल्या उमेदवाराला त्यांनी बांधावर उभं करून ठेवलं होतं. लस टोचायला आलेल्या नर्सबाईंनी तर तिसऱ्या खेपेपासून लांबूनच ओरडायला सुरुवात केली, "हौसाबाई, येऊ का?" वाडी हसायची. मीही हसायचो.

हसू आटलं ते एका पावसाळ्यात. वाडी महादेव कोळ्यांची. त्यांचं जुनं गाव खाली घोड नदीकाठी होतं, ते धरणात गेलं. माणसं सरकत सरकत डोंगरउतारावर आली आणि नाचणी-वरई करू लागली. तिथे कळलं की हा उतार जंगलखात्याचा. हौसाबाईंची नाचणी वीतभर आली असताना खात्याची माणसं येऊन तिच्यात झाडांच्या रोपांसाठी खड्डे खणू लागली.

"इचारलं व्हतं का?" हौसाबाई खड्ड्यात जाऊन बसल्या.

"कुणाला विचारायचं? जमीन सरकारची आहे," बरोबरचा गार्ड म्हणाला.

"आन् पान्यात गेली ती?"

गार्ड जरा घुटमळला. "तीपण आता सरकारचीच."

"मंग आमचं काय ऱ्हायलं, ते तरी सांगा."

तो पुढच्या खड्ड्याकडे वळला. पुढे उन्हाळ्यात भाताच्या राबासाठी, म्हणजे रोपांची जागा भाजायला, फांद्या तोडल्या म्हणून त्यांच्या नवऱ्याला, धोंडूबाबांना, तालुक्याला धरून नेलं. सुटून आले ते खोकतच. बोलणं जवळजवळ बंद झालं होतं. पुढच्या पावसाळ्यात गेले. दहाव्याला लोक जमले तेव्हा हौसाबाईंनी कुणालाच 'इचारलं व्हतं का?' म्हणून अडवलं नाही. वाडीत कोण आलं, कोण गेलं, याकडे त्या दिवशी त्यांचं लक्ष नव्हतं.

पुढे काही वर्षांनी वनहक्काचा कायदा आला. आता म्हणे ग्रामसभेला विचारल्याशिवाय काही ठरणार नव्हतं. एक साहेब वाडीत आले. शाळेच्या पटांगणात सभा भरली. साहेबांनी जमिनींचे दावे वाचले आणि म्हणाले, "सगळ्यांना मान्य?"

"मान्य!" पुरुष ओरडले.

हौसाबाई उठल्या. "बायांना इचारलं का?"

साहेब भले होते. "विचारा," म्हणाले. हौसाबाईंनी एकेका बाईला उभं केलं. कुणी पदरात हसली, कुणी "त्ये म्हनत्याल तसं" म्हणाली. एक मात्र धीर करून बोलली, "जिमिनीवर माजं बी नाव घाला." ऊन कलायला लागलं, पुरुषांची चुळबुळ वाढली. शेवटी हौसाबाईंचा चुलतदीर सखाराम ओरडला, "लई इचारायचं खूळ हाय गं वयनी तुला! सुमनला इचारलं व्हतंस का तवा?"

दोघंतिघं हसायला लागले आणि मध्येच थांबले. हौसाबाई खाली बसल्या. दावे मंजूर होऊन पुढे गेले. हौसाबाईंचा हक्काचा पट्टा यायला बरीच वर्षं लागली. आला तोही कसत होत्या त्याहून कमी जमिनीचा.

सुमन कोण, हे मला ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं शेजारी राहून त्यांना मुलगी आहे हेही कळलं नव्हतं. सभेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हौसाबाई दारात आल्या.

"गुरजी, जुन्नरची गाडी मला कळत न्हाई. येता का संगं?"

वाटेत त्यांनीच सांगितलं. "पानी चढाय लागलं व्हतं. जायाचं कुटं, ठाव नाय. म्हनलं, घर बुडतंय तर बुडू दे, पोर तरी कोरड्या जागी पडू दे. घाईनं लगीन लावलं. न्हान बी आलं नव्हतं तिला. चुलीम्होरं बसून म्हनली, आये, म्या न्हाई जात. म्या म्हनलं, तुला कोन इचारतंय?"

पोर तेव्हापासून माहेरी आली नव्हती, बापाच्या दहाव्यालासुद्धा.

सासरी सुमन ओट्यावर तांदूळ निवडत होती. आईसारखीच किडकिडीत. आम्हाला बघून तिने सूप बाजूला ठेवलं नाही, पण पोराला आत पिटाळून चहा टाकायला लावला. इकडचं तिकडचं बोलणं झालं. चहा संपला. मग हौसाबाई म्हणाल्या, "सुमे, चार दिस येतीस का माज्याकडं?"

सुमनने एक खडा वेचून अंगणात टाकला.

"नाय."

आवाजात राग नव्हता. हौसाबाईंनी मान हलवली. पिशवीतून सुक्या मासळीची पुडी काढून ओट्यावर ठेवली. सुमनने ती हुंगली.

"धरनातली?"

"व्हय."

ती बराच वेळ पुडी हातात धरून बसली. मग उठली आणि चुलीवरच्या फळीवर, पोरांचा हात पोचणार नाही अशी, ती ठेवून आली.

परतीच्या गाडीत हौसाबाईंनी रिकाम्या पिशवीची घडी घातली. मग म्हणाल्या, "मासळी ठिवून घेतली तिनं. पाह्यलंत न्हवं, गुरजी?"

"पाहिलं, मावशी."

थोडा रस्ता गेला की त्या पुन्हा माझ्याकडे वळायच्या, "पाह्यलंत न्हवं?" मी पुन्हा हो म्हणायचो. घोडेगाव येईपर्यंत आमचं एवढंच बोलणं चाललं होतं.