दोष : द्राक्षांचा वास

फ्रान्समधल्या बोजोलेच्या टेकड्यांवरच्या मोंतव्हॅर्ने गावात द्राक्षांची वाईन तयार होते, पण कायद्याने ती तेव्हा वाईन झालेली नसते. वेलीने, उन्हाने आणि टाकीने आपापली कामं चोख केली, तरी तोवर ते सगळे नुसते अर्जदार. बाटलीवर गावाचं नाव लावता येईल की नाही, हे आस्वाद-परीक्षण समिती ठरवते. समितीत गावातलेच बागायतदार पाळीपाळीने बसतात. झाकलेल्या बाटल्यांतली वाईन हुंगतात, तोंडात खुळखुळवतात, बादलीत थुंकतात आणि ती 'प्रातिनिधिक' आहे का ते सांगतात.

प्रातिनिधिक म्हणजे केळ्याच्या वासाची.

त्या गावाच्या शंभर कोसांत केळीचं झाड नाही. पण एके काळी बाजारात यीस्टची एक पुडी आली. ती टाकली की वाईन झटपट आंबायची आणि तिला केळ्याचा वास सुटायचा. गिऱ्हाइकाला हा वास ओळखता आला. जे ओळखता येतं ते गिऱ्हाइकाला अस्सल वाटतं, आणि जे गिऱ्हाइकाला अस्सल वाटतं त्याला समिती परंपरा म्हणते.

त्या वर्षी ओदिल ब्रोशारच्या टाकीत घड पडले आणि पुडी टाकण्याआधीच ते आपणहून आंबू लागले. सालीवर मुळातच यीस्ट असतं. त्याला कुणी नियम वाचून दाखवलेले नव्हते. वाईन झाली ती जांभळट, रसरशीत. हुंगली की ताज्या रास्पबेरीचा वास आणि मागून चेरीचा. ओदिलने पेला संपवला आणि तळघरात एकटीच हसली.

समितीचा निर्णय एका ओळीत आला : 'नामंजूर. दोष : द्राक्षांचा वास.'

ओदिल तडक समितीच्या अध्यक्षांकडे गेली. अध्यक्ष आल्सीद गिरोदों तिच्या आईचे चुलतभाऊ. ते अंगणात सॉसेज कापत बसले होते आणि शेजारी तिचीच वाईन होती.

"मामा, ही माझी ना?"

"तुझीच. नमुन्यातली उरली होती. फार छान झालीय गं पोरी! आणखी दोन बाटल्या पाठवून दे."

"अहो, मग नाकारलीत कशाला?"

"मी कुठे नाकारली? समितीने नाकारली." मामांनी पेला पुन्हा भरला. "मी पितो ते आल्सीद म्हणून. समितीत बसलो की मला आवडनिवड नसते."

"नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी नवी वाईन बाजारात जाते. माझ्या बाटल्यांवर गावाचं नाव नसेल तर लियों शहरात कुत्रं विचारणार नाही मला. पंजोबांपासूनची बाग आहे, मामा."

"मग अपील कर. नियम आहे त्याचा." मामांनी सॉसेजचा तुकडा तोंडात टाकला. "आणि हे बघ, द्राक्षाचा वास आवडत असेल तर लोक द्राक्षंच खातील की. आपण कशाला मग?"

ओदिल घरी आली. बांधाला बांध असलेला आर्माँ फाटकाशी टेकून उभा होता.

"काय म्हणाले अध्यक्षमहाराज?"

"अपील कर म्हणाले. तुझी कशी रे पास होते दर वर्षी? तुझ्या वाईनला तर ओल्या घोंगडीचा वास येतो."

"येतोच," आर्माँ न लाजता म्हणाला. "पण नमुना माझा कुठे असतो? मामाच्या जुन्या पिंपातली बाटली मागून आणायची, तीच पाठवायची. मामाच्या जिभेला मामाचीच वाईन पसंत पडते. सगळं गाव हेच करतं. तुला माहीत नव्हतं?"

"सगळं गाव?"

"पाद्रीसुद्धा."

"आणि मामांना काही कळत नाही?"

"त्यांना वाटतं, आपली वाईन गावाला फार आवडते. खूश होऊन देतात बिचारे. तू तुझाच नमुना पाठवलास? कमाल आहे बाई तुझी! लोकांना काय वाटेल?"

ओदिलने रात्रभर नव्हे, जेवण होईपर्यंतच विचार केला. मग तिने मामांकडे दोन बाटल्या पोचवल्या आणि त्यांच्या पिंपातली एक मागून आणली.

अपिलाच्या समितीवर त्या वर्षी मामा आणि आर्माँ यांच्यासोबत पाळी ओदिलचीच होती. स्वतःच्या अपिलात स्वतः कसं बसायचं, असं तिने विचारलं. नमुने झाकलेले असल्याने तिचा नमुना कोणता हे तिला माहीत असणं शक्य नाही, म्हणून तिचा संबंधही शक्य नाही, असा खुलासा झाला. ती बसली. अपिलाबरोबर गावातले उरलेले नमुनेही त्याच बैठकीत तपासायचे होते.

पहिला पेला : केळं. दुसरा : केळं. तिसरा : तंतोतंत तेच केळं. मामांचे डोळे पाणावले.

"बघा! याला म्हणतात गावाची एकजूट. माती बोलतेय, माती!"

शेवटचा पेला मात्र वेगळा निघाला. मामांनी हुंगला आणि नाक मुरडलं.

"शी! हे कुणाचं पाप? केळं कुठाय? गावाला बट्टा लावतील असले लोक. नामंजूर!"

हात वर झाले. ओदिलने आर्माँकडे पाहिलं, आर्माँने छताकडे पाहिलं, मग दोघांचेही हात वर गेले. बाटलीवरचं आवरण काढलं तेव्हा कळलं की ती मामांचीच; त्यांचं जुनं पिंप गावाला नमुने वाटण्यात संपलं होतं आणि त्यांनी स्वतःचा नमुना नाइलाजाने आपल्याच दुसऱ्या पिंपातून काढला होता.

मामा हळूच म्हणाले, "ओदिल, माझ्या वाईनची एखादी बाटली असेल का गं तुझ्याकडे? अपील करतो म्हणतो."

ओदिलची वाईन मंजूर झाली. तिने गावाचं नाव छापलेल्या बाटल्यांत, अर्थातच, आपली खरी वाईन भरली. तिसऱ्या गुरुवारी लियोंच्या खाणावळीत ती स्वतः जाऊन बसली. निदान जेवणाच्या टेबलावर तरी समिती नसते.

शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी आपल्यासमोरच्या, तिच्याच वाईनच्या बाटलीवरचं गावाचं नाव वाचलं, पेला नाकाशी धरला, डोळे मिटले.

"अहाहा. केळं."

"पिकलेलं," त्यांची बायको म्हणाली.

"या वर्षी जरा जास्तच," वाढप्याने पुस्ती जोडली.

ओदिलने आपला पेला उचलला. रास्पबेरी. पुन्हा हुंगला. चेरी. सगळी खाणावळ माना डोलावत होती. तिने तिसऱ्यांदा हुंगला, आणि आला. पुसटसा, पण आला. तिने मान डोलावली.

हसू नका. उद्या कुणी जाणकाराने तुमच्यासमोर पेला हुंगून 'वा, केळं!' म्हटलं, तर त्यात जांभळाचं सरबत असलं तरी 'हो, येतोय की!' असं सगळ्यात आधी तुम्हीच म्हणाल. नाही कसं म्हणाल? तुम्हाला गावात राहायचं नाही का?