तरसगुरुजींचं खरंखुरं हसू

एका जंगलात एक शाळा होती. हो, असते जंगलात शाळा! मधल्या सुट्टीत तुमच्या शाळेचं जंगल होतं, तेव्हा मी काही बोलतो का?

तिथे तरसगुरुजी शिकवायचे. त्यांना हसू आलं की आवरायचं नाही. ससुली म्हणाली, "सात आणि तीन म्हणजे पुष्कळ," की गुरुजी पोट धरून लोळायचे आणि लोळता लोळताच दहा शिकवून टाकायचे. पोरांचा गुरुजींवर भारी जीव. गुरुजींचाही पोरांवर.

एके दिवशी परिपत्रक आलं. 'यापुढे सर्व शिक्षकांनी वर्गात खरे वागावे. सोमवारी तपासणी. नापास होईल त्याची बदली मगरींच्या दलदलीत.'

गुरुजींची झोपच उडाली. ही पोरं सोडून जायचं? तेही मगरींत?

खरं कसं वागावं, याचं तीन दिवस प्रशिक्षण झालं. शिकवायला कोण आलं असेल? सरडेबाई! सकाळी हिरव्या, जेवणानंतर तपकिरी.

"मोकळेपणाने हसायचं, दोनदाच, दात न दाखवता," बाई म्हणाल्या. "आणि आपली चूक एकदा कबूल करायची. छोटीशीच हं!"

"पण बाई, खरंच हसू आलं तर?" गुरुजींनी विचारलं.

"दाबायचं!"

मग गुरुजींनी पोरांची तालीम घेतली. "मी कान खाजवला, की सगळ्यांनी 'चुकलात!' म्हणून ओरडायचं. मग मी चूक कबूल करीन."

सोमवारी तपासनीस बगळेसाहेब आले. एका पायावर उभे राहिले, डोळे मिटले आणि म्हणाले, "बालमित्रांनो, मी आयुष्यात कुणाचा मासा पळवला नाही."

नेमका तेव्हाच गुरुजींना डास चावला. गुरुजींनी कान खाजवला.

"चुकलाऽऽत!" अख्खा वर्ग ओरडला.

साहेबांचा दुसरा पाय धपकन खाली आला. गुरुजींनी ओठ दाबले. शेपटी तोंडात कोंबली. दलदल आठवून पाहिली. छे! जे फुटले, ते फळ्यापासून दारापर्यंत लोळत गेले. पोरंही मागोमाग लोळली.

साहेबांनी शेरा लिहिला, 'हसणे खरे वाटत नाही. सराव कमी.'

झाली बदली! पोरं ढसाढसा रडली, गुरुजीही रडले. त्यांच्या जागी सरडेबाई आल्या.

गुरुजी दलदलीत पोचले. एका मगरपिल्लाला त्यांनी लांबूनच विचारलं, "बाळा, सात आणि तीन किती?"

पिल्लू म्हणालं, "आधी जवळ या, मग सांगतो."

गुरुजींनी डोळे विस्फारले आणि पोट धरून चिखलातच लोळण घेतली. पिल्लंही लोळली. सगळ्यांचा चिखल निघेपर्यंत दहा शिकून झाले होते.

आता तिथे रोज असंच चालतं. तपासणी? होते की! बगळेसाहेब दर सोमवारी काठापर्यंत येतात, पिल्लांचे दात बघतात, उभ्या उभ्या 'उत्तम' लिहितात आणि उडून जातात.

तात्पर्य: शिक्षकाने वर्गात खरे वागावेच. फक्त वर्गात साहेबांना खाऊ शकतील अशी मुले असावीत.