नव्या सीटांचा फोम

बायकोची अट एकच होती. "त्या खटाऱ्याच्या सीटा बदला, तरच मी त्यात बसेन. नाहीतर रविवारी बसने जाते बहिणीकडे."

बहीण वर्षभर अंथरुणाला खिळलेली. बायकोची पाठ कामातून गेलेली. आणि नवऱ्याचा जीव वडिलांच्या पन्नास वर्षं जुन्या गाडीत अडकलेला. गाडी माणसांसाठी असते, हे त्या घराण्यात कुणाला ठाऊकच नव्हतं.

तरी त्याने भंगारवाल्याकडून दोन सीटा आणल्या. जाड, मऊ, कमरेला टेकू देणाऱ्या. तिथे बसल्या बसल्या त्याचे डोळे मिटले. त्या भलत्याच मॉडेलच्या आहेत, हे डोळे उघडल्यावरही त्याच्या लक्षात आलं नाही.

गॅरेजमधल्या मिस्त्रीने वितीने मोजलं. खिशात टेप होती. पण ती काढण्यात त्याला कमीपणा वाटे.

"अडीच वीत. आरामात बसतील, काका."

रुंदी बसली. भोकं जुळेनात. नवी पाडायला गेला, तर कुजलेला पत्रा ड्रिलसकट खाली. मग तळाला लोखंडी पट्ट्या वेल्ड केल्या. पट्ट्यांवर सीटा चढल्या आणि नवऱ्याचं डोकं छताला भिडलं.

"मान जरा तिरकी ठेवायची."

"दोनशे किलोमीटर?"

"मग छताचं अस्तर काढू."

अस्तर निघालं. डोकं आता थेट पत्र्यावर आपटू लागलं. मिस्त्री विचारात पडला. त्या आठवड्यातला त्याचा हा पहिलाच विचार.

"उंची कुठूनतरी कमी करावी लागेल."

"करा की मग! उद्या निघायचंय!"

रविवारी सकाळी बायको औषधांची पिशवी घेऊन बसली. डोकं कुठेच लागलं नाही. नवरा खुशीत आला. गल्लीच्या तोंडाशी पहिला खड्डा आला आणि ती किंचाळली.

"अहो, आत काय घातलंय? फळी?"

त्याने गाडी तशीच गॅरेजकडे वळवली. मिस्त्री जुन्या सीटवर रेलून चहा पीत होता. कोपऱ्यात फोमचे दोन जाडजूड तुकडे पडले होते.

"कापला ना, काका. त्याशिवाय उंची कशी कमी होणार?"

"अरे गाढवा, त्या फोमसाठीच तर सीटा घेतल्या होत्या!"

"मग आधी नाही का सांगायचं? मला वाटलं, शोभेला हव्यात. गाडी तरी कुठे चालवायला ठेवलीय तुम्ही?"

बायको उतरली. एक तुकडा काखेत मारला, पिशवी उचलली आणि बसथांब्याकडे चालू लागली.

"अगं, मी सीटला कापड लावून देतो वरून! थांब तरी!" नवरा ओरडला.

तिने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

आठ दिवसांनी त्याने फोन केला. "पाठ कशी आहे?"

"दुखतेय."

"का? फोम नेलास ना?"

"बहिणीच्या अंगाखाली घातलाय. पडून पडून पाठीला जखमा झाल्यात तिच्या. पहिल्यांदाच रात्रभर झोपली. दुसरा तुकडाही पाठवा."

"मीच घेऊन येतो की! आत्ता गाडी काढतो!"

"नको. लवकर पोचायला हवाय. बसने पाठवा."